आधी व्यायाम, मग यंत्र

कॉव्हेंट्री

सौ. वहिनी,

योनीचा लेझर घेऊ की त्या चुंबकीय खुर्चीवर बसू, असं तुम्ही विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता दोन्हींवर पैसे घालू नका. शिंकताना लघवी होणं आणि पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा ही दोन निराळी दुखणी आहेत. पहिल्यात ओटीपोटाच्या तळाचा आधार सैलावतो, दुसऱ्यात इस्ट्रोजेन घटल्याने योनीचं अस्तर पातळ होतं. लेझर अस्तराला बारीक ठिपक्यांनी भाजतो, भरून येताना ते जाड होईल या आशेवर. ती आशा सिडनीत तपासली गेली. पाळी गेलेल्या ८५ स्त्रियांपैकी काहींना खरा लेझर दिला, काहींना नुसता देखावा केला. वर्षभराने दोन्ही गटांच्या त्रासात म्हणावा असा फरक नव्हता. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी इथल्या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने दोन्ही दुखण्यांसाठी हा लेझर फक्त संशोधनात वापरावा, असं सांगितलं. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने तर २०१८ मध्येच भाजणं, व्रण आणि न थांबणाऱ्या दुखण्याचा इशारा दिला होता.

कुणाला गुण आला म्हणतात, ते खोटं नसेल. पण देखाव्यानेही काहींना बरं वाटतं, म्हणून तर तुलना करावी लागते. आणि चिरफाड नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. इंग्लंडमध्ये लघवी गळण्यावर बसवायची जाळी अशीच छोट्या शस्त्रक्रियेचा सोपा उपाय म्हणून पसरली; २०१८ मध्ये तिचा वापर थांबवावा लागला, आणि वेदना सांगणाऱ्या बायकांचं कुणी ऐकलं नव्हतं, हे २०२० च्या कंबरलेज चौकशी अहवालात आलं. खुर्ची भाजत नाही, चुंबकीय लहरींनी स्नायू आवळते. कपडे काढायचे नाहीत, कुणाशी बोलायचं नाही, हे तिचं आकर्षण मला समजतं. आपल्या संकोचावरच ती विकली जाते, याचं मात्र वाईट वाटतं.

लघवी गळण्यावर ओटीपोटाच्या तळाच्या व्यायामाने काही होत नाही, हे तुमचं म्हणणं बहुतेक चुकीच्या व्यायामामुळे आहे. वारा अडवताना जे आवळतं ते आत-वर ओढायचं. योगात त्याला मूलबंध म्हणतात. श्वास रोखून पोट नि मांड्या आवळल्या की उलट खाली जोर पडतो, म्हणून सुरुवातीला फिजिओने तपासायला हवं. ‘नाइस’चा हिशेब असा: देखरेखीखाली निदान तीन महिने, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठदा. स्नायू आवळताच येत नसेल तर विजेच्या सौम्य उत्तेजनाचा विचार करावा, असं तीच संस्था म्हणते. यंत्राची जागा तिथे आहे. कोरडेपणावर योनीत ठेवायची इस्ट्रोजेनची गोळी आहे. तिची मात्रा इतकी कमी, १० मायक्रोग्रॅम, की इथे २०२२ पासून पन्नाशीपुढच्या बायकांना ती केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळते. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तेव्हा नाशिकमध्ये आधी फिजिओची वेळ घ्या. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर डॉक्टरांकडे जायला एक दिवसही थांबू नका. दादाला सांगायला संकोच वाटत असेल तर हे पत्रच त्याच्या हातात द्या.

तुमची,
नणंद