अर्धा काळा, अर्धा तांबडा पट्टा

कर्जत, श्रावण

चि. सोनू,


आजोबांच्या चामडी पिशवीचा पट्टा अर्धा काळा, अर्धा तांबडा आहे, तो बदलून एकसारखा करा, असं तुमच्या तिथला दुकानदार म्हणतो. बदलू का, हे तू मला विचारलंस आणि मराठीत विचारलंस, फार बरं वाटलं. रात्री झोप येईना, म्हणून लिहायलाच बसलो.

माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, मालगाडीवर गार्ड होते. २०२२ पासून रेल्वे त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणते, आपल्या घरात मात्र गार्डच. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून इंजिनं लागतात, कारण पुढे बोरघाटाचा सदतीसला एक असा चढ. १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली, त्याआधी मुंबईकडचे रूळ खोपोलीलाच संपत. वडिलांच्या काळी मागून लावायला ‘खेकडा’ इंजिन असे. त्याचा घरघराट आम्हाला घरात ऐकू यायचा आणि आई म्हणायची, गाडी चढायला लागली.

पट्टा घाटातच तुटला, ऐन पावसात. १९७४ च्या रेल्वे संपानंतरचा तो पावसाळा असावा. तुझा बाबा म्हणतो, संपाच्या आधीचा. साल काहीही असो, स्टेशनबाहेर बसणारे चर्मकार मामा मला लख्ख आठवतात. वडील म्हणाले, नवा पट्टा घाला. मामांनी पट्टा दुमडून पाहिला आणि म्हणाले, अर्धा ठणठणीत आहे, तो कशाला टाकायचा? त्यांच्याकडे काळं रंगवलेलं कातडं नव्हतं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं तांबडं होतं. ते त्यांनी ओलं करून मऊ केलं. जोड जाड होऊन खांद्याला रुतू नये म्हणून दोन्ही टोकं रापीनं तासून पातळ केली. मग दोऱ्याला मेण चोळलं, आरीनं भोक पाडलं, आणि प्रत्येक टाका दोन्ही हातांनी इतका ताणून ओढत की त्यांच्या करंगळीवर दोऱ्याचा कायमचा वळ होता. मी शाळा विसरून ते बघत उभा होतो. तो जोड आजतागायत उसवलेला नाही. हल्ली लोक अशा माणसाशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतात, तेव्हा मला राग येतो.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा पिशवी रात्रभर भिजली. शेजारी म्हणाले उन्हात टाका. आईनं टाकू दिली नाही. आत वर्तमानपत्रं कोंबायची, ओली झाली की बदलायची, आणि सावलीत वाळवायची. ऊन किंवा आच लागली की कातडं ताठरतं आणि तडकतं. म्हणून तूही ती हीटरजवळ टांगू नकोस. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस, बुरशी धरेल. जुन्या सुती साडीत गुंडाळ. पांढरं दिसलंच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं पूस. एरंडेल अगदी थेंबभर, तेही वर्षातून एकदा. जास्त तेलानं चामडं लिबलिबीत होतं आणि टाके सैल पडतात.

तुझ्या आईनं मात्र इथल्या सोफ्यालाही तेल चोळायला घेतलंय. तिला तूच सांग, माझं ऐकत नाही. ते चामडं नव्हे, कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर आहे, त्यात तेल मुरत नाही. आपल्या दमट हवेत त्या थराचे पोपडे निघतात, आणि एकदा निघाले की जोडता येत नाहीत. माझ्या स्कूटरच्या सीटचं रेक्झिनही तसंच: साबणाचं पाणी, ओलं फडकं, बस. थिनर लावायचा नाही. फाटलं तर खोपोलीत नवं कव्हर शिवून मिळतं.

तर बाळ, पट्टा बदलू नकोस. कधी टाके उसवलेच तर त्याच जुन्या भोकांतून शिवायला सांग. शेजारी नवी भोकं पाडली तर चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेघेवर फाटतं. दुकानदाराला जोड कुरूप वाटत असेल, तर तो कुणी आणि का घातला हे त्याला सांग. तुझ्या मुलालाही सांग, तो विचारण्याआधीच. आणि पिशवी कपाटात जपून ठेवू नकोस, रोज वापर. हाताळलेलं चामडं टिकतं.

मे महिन्यात याल तेव्हा ती घेऊन ये. आतलं अस्तर विरलंय, ते इथेच करून घेऊ. स्टेशनाजवळ गटईचा, म्हणजे चामड्याच्या कामाचा, एक पत्र्याचा स्टॉल अजून चालू आहे.

तुझा,
काका