आधी एरर मोठ्याने वाच

मेंटॉर या शब्दाला मराठीत ‘मार्गदर्शक’ असा प्रतिशब्द आहे, पण तो मी कुणाच्या तोंडून सहज आलेला ऐकलेला नाही. तो पीएचडीच्या प्रबंधावर असतो, नाहीतर स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या फ्लेक्सवर. बोलताना आपण साधं ‘दादा’ किंवा ‘ताई’ म्हणतो. हॉस्टेलवरचा दादा, अभ्यासिकेतली ताई. वयाने चार-पाच वर्षं मोठं, रस्त्यावर तेवढंच पुढे गेलेलं आणि मागे वळून बघायला ज्याच्याकडे थोडा वेळ आहे असं माणूस.

मी 28 वर्षांची आहे, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. गेली तीन वर्षं दर रविवारी संध्याकाळी सात ते साडेआठ मी इंजिनिअरिंगच्या चार-पाच मुलामुलींसोबत व्हिडिओ कॉलवर बसते. सगळी मराठवाड्यातल्या लहान शहरांतल्या कॉलेजांची, म्हणजे मी जिथून आले तिथलीच. यात पैसे नाहीत, प्रमाणपत्र नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नावही नुसतं ‘रविवार’ आहे. पहिले दोन महिने मी ‘मॅडम’ होते, मग ‘ताई’ झाले.

या तीन वर्षांत एक प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. या मुलांना माझी गरज नेमकी कशासाठी आहे?

माहितीसाठी नक्कीच नाही. मी 2015 मध्ये कॉलेजला गेले तेव्हा महिनाभराला एक जीबीचा पॅक पुरवून पुरवून वापरायचा असे. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं कुणीतरी पुण्याहून हार्ड डिस्कमध्ये भरून आणायचं आणि ती डिस्क हॉस्टेलभर फिरायची. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि ती हार्ड डिस्क कपाटात गेली. 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं, आणि नुसतं व्याख्यान नाही तर आपल्या प्रश्नाचं उत्तरही हातात आलं. आज हिंगोलीतला मुलगा आणि पुण्यातला मुलगा तेच व्हिडिओ बघतात, तीच गणितं सोडवतात, एकाच टेलिग्राम चॅनलवरून तोच ‘रोडमॅप’ डाउनलोड करतात. माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखं जे काही आहे, ते त्यांच्या फोनमध्ये आधीच आहे.

मग नसतं काय, ते मला एका मुलाच्या प्रोजेक्टमुळे दिसलं. त्याने गावाच्या पाणीपट्टीची नोंद ठेवणारं अ‍ॅप केलं होतं. कुणी भरली, कुणाची बाकी, कुणाला मेसेज पाठवायचा, सगळं नीट चालत होतं. मी स्क्रीनवरची एक ओळ दाखवून विचारलं, “ही काढली तर काय होईल?”

शांतता. कॅमेरा बंद. समोरासमोर बसलं की गप्प माणसाचा चेहरा तरी दिसतो. कॉलवर समोरचा गप्प झाला की नेटवर्क गेलंय की समजणं थांबलंय, हेच कळत नाही. मग आवाज आला, “ताई, ते चॅटजीपीटीने दिलंय. चालतंय म्हणून ठेवलंय.”

यात त्याने काही लपवलं नव्हतं. कॉलेजमध्ये त्याला गुण मिळणार होते, कारण अ‍ॅप चालत होतं. पण इतकी वर्षं शिकताना त्याने लिहिलेल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘हे असं का?’ असं विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. उत्तरं देणारे शेकडो होते. तो काय करतोय हे बघणारं कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या दोन सवयी ठरल्या. पहिली: प्रोग्राममधली एक ओळ काढायची, आणि तो चालवण्याआधी काय होईल याचा अंदाज सगळ्यांसमोर सांगायचा. अंदाज चुकला तरी चालेल, पण सांगायचाच. दुसरी: एरर आली की ती कॉपी करून कुठेही टाकायच्या आधी मोठ्याने वाचायची, आणि मराठीत तिचा अर्थ सांगायचा.

दुसरी सवय दिसते तितकी साधी नाही. लाल अक्षरं दिसली की मुलं ती वाचतच नाहीत, रागावलेल्या मास्तरांसमोर मान खाली घालावी तशी नजर फिरवतात. त्यात ती इंग्रजीत. पण एकेक शब्द वाचायला लावला की धाक ओसरतो. ‘नल पॉइंटर’ची एरर एका मुलीने अशी सांगितली: “ताई, पत्त्याची चिठ्ठी कोरीच आहे आणि आपण दार वाजवायला निघालोय.” मी ऑफिसात इतकी वर्षं ही एरर बघतेय, पण याहून नेमकं स्पष्टीकरण मी ऐकलेलं नाही.

याच काळात मी ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारणं सोडलं. त्याचं उत्तर कायम ‘हो ताई’ असं येतं. आता मी म्हणते, “बरं, आता हे तू मला शिकव.”

मी एआयच्या विरोधात नाही. रोजच्या कामात मीही ते वापरते. आमच्या ग्रुपमधली एक मुलगी वर्गात हात वर करायला बिचकते, पण रात्री बारा वाजता चॅटजीपीटीला मराठीत वाटेल ते विचारते, तेही तिसऱ्यांदा, आणि ते वैतागत नाही. ही फार मोठी सोय आहे. मला अशी सोय असती तर माझं दुसरं वर्ष हलकं गेलं असतं.

पण ते विचारलेल्याचंच उत्तर देतं. काय विचारायचं हेच कळत नसेल तर? किंवा कुणी विचारायलाच आलं नाही तर? एकदा आमच्यातला एक मुलगा सलग दोन रविवार आला नाही. मी मेसेज केला. सोयाबीनची काढणी चालू आहे, म्हणाला. तिसऱ्या रविवारी माळवदावर उभं राहून त्याने कॉल लावला, कारण घरात रेंज नव्हती. वीस मिनिटं आम्ही सोयाबीनचा भाव, पावसाने काळे पडलेले दाणे आणि मळणीयंत्राचं भाडं याच विषयांवर बोललो. मग तो हळूच म्हणाला, “तीन कंपन्यांच्या अ‍ॅप्टिट्यूडमध्येच बाहेर पडलो, ताई. पुढं यावं की नाही तेच कळंना.”

हा प्रश्न त्याने कुठल्याही सर्च बॉक्समध्ये टाइप केला नसता. भावाची चौकशी झाली नसती तर मलाही सांगितला नसता.

एकेकट्याकडे लक्ष देऊन शिकवण्याने काय फरक पडतो, यावर बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाचा 1984 सालचा एक प्रसिद्ध लेख आहे. नेहमीच्या वर्गात शिकणाऱ्या 98 टक्के मुलांपेक्षा, स्वतंत्र शिक्षक मिळालेलं सरासरी मूल सरस ठरलं, असं त्यात मांडलं होतं. नंतरच्या अभ्यासांत हा फरक इतका मोठा दिसला नाही. पण ब्लूमने विचारलेला प्रश्न टिकून राहिला: प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक देणं कुठल्याच समाजाला परवडणारं नाही, मग काय करायचं? आज एआय शिक्षक बनवणाऱ्या कंपन्या हाच प्रश्न पुढे करतात आणि ‘उत्तर आमच्याकडे आहे’ असं म्हणतात. समजावून सांगण्यापुरतं ते कदाचित खरंही ठरेल. पण माळवदावरच्या मुलाला दोन रविवार झाल्यावर मेसेज कोण करणार?

अंतर हा अडथळा नाही, हे सॉफ्टवेअरच्या जगाने कधीच दाखवून दिलंय. गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम 2005 पासून चालू आहे. त्यात नवशिक्याला एका ओपन सोर्स प्रकल्पावर काम मिळतं आणि त्या प्रकल्पातला एक अनुभवी माणूस मेंटॉर म्हणून. दोघं बहुतेक वेळा वेगळ्या देशांत असतात, अनेकदा एकमेकांना कधीच भेटत नाहीत. तरी शिकणं होतं, कारण एकाने लिहिलेलं दुसरा ओळ न् ओळ वाचतो आणि ‘इथे हे का केलंस?’ असं विचारतो. आमच्या धंद्यात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. मी जे काही शिकले, त्यातलं बरंचसं अशा रिव्ह्यूंमधून.

तालमीतही वेगळं काय असतं? कुस्तीचे सगळे डाव आज यूट्यूबवर आहेत, स्लो मोशनमध्ये आहेत. तरी पोरं पहाटे उठून तालमीत जातात, कारण तिथे वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून त्यांची लढत बघत असतो. तो बोलतो थोडंच. पण पाय चुकीचा पडला की त्याच क्षणी हाक येते.

आता जे सांगते, ते या सगळ्यातलं मला सर्वांत अवघड गेलेलं.

तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीचा रात्री अकरा वाजता मेसेज आला: “ताई, बाबा उद्या सही करणार आहेत.” सोबत चौदा पानांची पीडीएफ. ‘नोकरीची हमी’ देणारा एक कोर्स, फी दीड लाख, हप्त्यांची सोय. तिचे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. दीड लाख म्हणजे त्या घरासाठी काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी लगेच कॉल लावला. मत दिलं नाही. म्हटलं, “एरर वाचतो तसंच करू. स्क्रीन शेअर कर, मोठ्याने वाच, मराठीत सांग.”

ती वाचत गेली. हमी लागू व्हायची तर हजेरी 90 टक्के हवी. प्रत्येक चाचणी पास व्हायला हवी. देतील ती नोकरी, देतील त्या शहरात घ्यावी लागेल, नाकारली तर हमी संपली. फीसाठीचं कर्ज क्लासचं नव्हतं, वेगळ्याच एका वित्तसंस्थेचं होतं. म्हणजे उद्या क्लास आवडला नाही आणि सोडला, तरी हप्ता सुटणार नाही. नवव्या पानावर ती थांबली. म्हणाली, “ताई, हमी त्यांनी दिलेलीच नाही. आपणच त्यांना देतोय.”

सकाळी तिने बाबांना फोन दिला. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी ‘मॅडम’ म्हणत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ठीक आहे. क्लास नको. मग तुम्ही सांगा मॅडम, लेकरू नोकरीला लागंल याची हमी तुम्ही घेता का?”

2023-24 हे वर्ष नुकतंच संपलं होतं. टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो, तिघांचीही कर्मचारीसंख्या त्या वर्षात घटली होती. माझ्या स्वतःच्या टीममध्येही वर्षभर एकही फ्रेशर आला नव्हता. क्लासवाल्यांनी ज्या प्रश्नाला चौदा पानांत ‘हो’ म्हटलं होतं, त्याला मला एका शब्दात उत्तर द्यायचं होतं.

“नाही काका,” मी म्हटलं. “हमी मी घेऊ शकत नाही.”

“मग तुम्ही करणार काय?”

“ती काय करते ते दर रविवारी बघेन. अडली तर विचारेन. आली नाही तर फोन करेन.”

“एवढंच?”

“एवढंच, काका.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मागे गाडीच्या इंजिनाचा आवाज येत होता, म्हणजे नेटवर्क गेलं नव्हतं. मग म्हणाले, “बघा बाई. लेकरू तुमच्यावर सोडतोय असं नाही म्हणत. पण बघा.”

त्यांनी सही केली नाही.

याचा अर्थ सगळे क्लास वाईट असतात असा नाही. माझ्या ओळखीत क्लासमधून शिकून पुढे गेलेली मुलं आहेत. तिच्यासाठी घेतलेला निर्णय बरोबर होता की नाही, हेही अजून ठरायचं आहे. ती सध्या पुण्यात सहा महिन्यांच्या इंटर्नशिपवर आहे. स्टायपेंडमध्ये कॉट बेसिसचं भाडं आणि मेस भागते, शिल्लक काही राहत नाही. पुढे कायम करणार का, हे कंपनीने सांगितलेलं नाही. काकांचा महिन्यातून एकदा मला फोन येतो. नोकरीबद्दल ते विचारत नाहीत. “रविवार चालू आहे ना?” एवढंच विचारतात. मी ‘हो’ म्हणते. या एका प्रश्नाचं ‘हो’ माझ्या हातात आहे.

हे वाचणाऱ्यांत कुणी तिसऱ्या वर्षाला असेल, कुणी नोकरीच्या पहिल्या वर्षात. आपल्यालाच अजून काही येत नाही, दुसऱ्याला काय सांगणार, असं तुम्हाला वाटत असेल. पण सांगायचं काम आता फारसं उरलेलंच नाही, ते फोन करतो. तुमच्यापेक्षा दोन वर्षं मागचं कुणीतरी तुम्हाला ‘दादा, गायडन्स पाहिजे’ असा मेसेज करेल, तेव्हा त्याला रोडमॅपची लिंक पाठवू नका. स्क्रीन शेअर करायला सांगा, एरर मोठ्याने वाचायला लावा आणि तो वाचत असताना थोडा वेळ गप्प बसा.