सोळा मात्रांचं यंत्र

आमच्या घरात ‘बीट’ या शब्दाचे तीन अर्थ आहेत. पहिला कोशिंबिरीतला. दुसरा पोस्टमनचा, म्हणजे त्याच्या वाटणीच्या गल्ल्या. आणि तिसरा आमच्या चिरंजिवांचा. चिरंजीव रात्री दीड वाजेपर्यंत बीट करत बसतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सौभाग्यवतीचा ऊर भरून आला होता. मुलगा निदान स्वयंपाकात तरी लक्ष घालतोय! मागाहून कळलं की हा बीट ऐकायचा असतो, आणि तोही शेजाऱ्यांनी.

हा बीट ज्या डब्यात शिजतो त्याला सॅम्पलर म्हणतात. कुठलाही आवाज गिळून ठेवायचा आणि अंगावरच्या रबरी चौकटीला बोट लावलं की तो परत करायचा, एवढंच त्याचं काम. कुकरची शिट्टी घाला, शिट्टी निघेल. मांजर घाला, मांजर निघेल. हल्ली हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, तरीही जाणती पोरं वीस-तीस वर्षांपूर्वीचे डबे शोधत हिंडतात. मिक्सर घरात असताना पाट्यावरच्या चटणीसाठी जीव टाकणाऱ्या माझ्यासारख्यानं त्यांना हसण्यात अर्थ नाही.

मी या भानगडीत पडलो तो दादासाठी. माझा थोरला भाऊ. नोकरी कचेरीत केली, पण जगला तबल्यावर. भजनी मंडळ, संगीत नाटकं, गणपतीतले मेळावे; जिथं म्हणून सतरंजी अंथरली जाई तिथं दादा हातोडी घेऊन हजर. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली (वहिनींच्या मते जरा जास्तच), पण उजवा हात आला नाही. त्यातली तर्जनी तेवढी मालकाचं ऐकते. डग्गा शाबूत आणि चाट गेली, म्हणजे अर्धा तबलजी. दादानं तबल्यावर गोधडी टाकली आणि रेडिओवर तबला लागला की तो स्टेशन बदलू लागला. वहिनी रोज संध्याकाळी तेल लावून ती बोटं चोळतात. बोलत कुणीच नाही.

चिरंजीवच एकदा म्हणाले, “बाबा, काकांच्या जुन्या कॅसेट आहेत ना? त्यातले बोल सुटे करून पॅडवर टाकू. डाव्या हाताची पाच बोटं आणि उजव्याचं एक. सहा बोटं म्हणजे पुष्कळ झाली.”

झालं! कुठला डबा घ्यायचा यावर खल सुरू झाला. नवा घेणं खिशाला परवडेना. जुना घेणं म्हणजे बिजवराचं स्थळ बघणं. फोटो नेहमी तरुणपणीचा, आणि स्वभाव मात्र घरी आणल्यावर कळतो.

पहिलं स्थळ ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० चं. जन्म १९८७. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांचं हे दैवत. आवाज बारा बिटांचा, म्हणजे किंचित खरबरीत. आणि स्मरणशक्ती सगळी मिळून दहा सेकंदांची! अहो, अतिविलंबित एकतालात दहा सेकंदांत दोन मात्रा झाल्या तर झाल्या. पण त्या पोरांनी यावर काय तोड काढली पाहा. तेहतीसच्या गतीची तबकडी पंचेचाळीसवर लावायची, भराभर आवाज भरून घ्यायचा आणि आत गेला की उतरवून मूळ गतीला आणायचा. जागा वाचते, शिवाय खरबरीतपणा वाढतो तो वेगळाच. एका होल्डॉलमध्ये पाच माणसांचं अंथरूण कोंबणाऱ्या आमच्या पिढीला या युक्तीचं कौतुक वाटलंच पाहिजे. परंतु किंमत ऐकली आणि आम्ही पोहे न खाताच उठलो.

उरली दोन. एक रोलंडचं एसपी-४०४एसएक्स, २०१० च्या सुमाराचं. सुटसुटीत, आवाज ठेवायला एसडी कार्ड, आणि सहा पेन्सिल सेलवरही चालणारं. आमच्या भागातली वीज आणि माझा स्वभाव लक्षात घेता माझं मत याला होतं. दुसरं अकाईचं एमपीसी-२०००एक्सएल, १९९९-२००० च्या आसपासचं. अंगानं भरलेलं, पडदा तिरपा करता येणारा, पोटात फ्लॉपी. कारखान्यातून निघताना स्मरण दोन मेगाबाइट, म्हणजे एकेरी आवाजाची वीस-बावीस सेकंदं. वाढवून बत्तीस केलेलं असलं तर सहा मिनिटं. या घराण्याचं पहिलं यंत्र, एमपीसी-६०, रॉजर लिन या गृहस्थानं आखलं आणि ते १९८८ मध्ये बाजारात आलं. त्यात लयीला झोका देण्याची सोय आहे आणि तो टक्क्यांत मोजतात. पन्नास म्हणजे सरळ, पंचाहत्तर म्हणजे पार लंगडी. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, “लय टक्क्यांत? बँकेत नोकरी केलीस ती केलीस, आता बोलतोस पण तसंच.”

मग चिरंजिवांनी त्याला डेट्रॉइटच्या जे डिलाची हकिकत सांगितली. या पठ्ठ्यानं एमपीसी-३००० वर यंत्राचा नेमकेपणा बाजूला ठेवून हातानं ठोके दिले, किंचित मागे, किंचित पुढे, माणसासारखे. आजारपणात बोटं सुजली की त्याची आई ती चोळून द्यायची आणि तो पुन्हा कामाला लागायचा. २००६ मध्ये गेला, बत्तिसाव्या वर्षी. त्याचं ते यंत्र आईनं दिलं, आणि आता ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दादा काही बोलला नाही. वहिनी तेलाची वाटी घेऊन आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

थोड्या वेळानं दादानं एवढंच विचारलं, “पॅड किती म्हणालास?”

“रोलंडला बारा, अकाईला सोळा.”

“म्हणजे एक एकताल आणि एक त्रिताल. त्रिताल बघू.”

सेलवर चालणारं माझं स्थळ असं मात्रांच्या हिशेबात बाद झालं.

मुलुंडला एका तरुणाकडे यंत्र होतं. किंमत ऐकून मला माझी १९८४ सालची स्कूटर आठवली. ती नवी मिळाली होती. जिना दोन मजल्यांचा. दादा कठडा धरून वर चढला. चिरंजिवांनी परीक्षा सुरू केली. मागची पाटी वाचली, कारण अमेरिकेतून आलेलं एकशेवीस व्होल्टचं यंत्र आपल्या दोनशेतीसला लावलं तर बिटाची कोशिंबीर होते. स्मरण पाहिलं, बत्तीस होतं. फ्लॉपी काढून कार्ड बसवलेलं होतं. पडदा मिणमिणता, पण या वयात कुणाचे डोळे मिणमिणते नसतात?

दादानं खुर्ची ओढली आणि तर्जनीनं एकेक पॅड वाजवायला लागला. देवळातल्या सोळा घंटा वाजवाव्यात तसा. त्या तरुणाला वाटलं, आजोबांना जोर कमी पडतोय. त्यानं ‘फुल लेव्हल’चं बटन दाबलं. त्यानं कितीही हळू मारलं तरी पुरा आवाज निघतो.

“ते काढ,” दादा म्हणाला. “हळू मारलं तर हळूच वाजलं पाहिजे. नाहीतर मी कशाला हवा?”

पुन्हा पहिल्यापासून. एक, दोन, तीन... आणि मग थांबला. परत मारलं. परत.

“हे नववं बद्द आहे.”

तरुणाचा चेहरा पडला. चिरंजीव म्हणाले, पॅडखालची पट्टी झिजली असेल, दुसरीकडे बघू. मीही पिशवी उचलली.

“बसा रे,” दादा म्हणाला. “त्रितालात नववी मात्रा खालीच असते. हेच घ्या. फक्त एका मात्रेचे पैसे कमी करायला सांगा.”

आणि त्यानं केले!

त्या रात्री चिरंजिवांनी १९८३ च्या गणेशोत्सवातल्या कॅसेटमधून बोल सोडवून पॅडवर चढवले. ना, तीं, ते, गे, धा. दादा तर्जनी उचलून बराच वेळ तसाच बसला. मग ‘धा’वर टेकवली. खोलीत चाळीस वर्षांपूर्वीचा त्याचाच हात पडला. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मीही खिडकीबाहेर पाहू लागलो. आता काही तरी हृदयाला भिडणारं ऐकायला मिळणार, या तयारीत आम्ही सगळे.

“डग्गा उतरलाय,” दादा म्हणाला. “हातोडी आण.”

“काका, ती लागत नाही.” चिरंजिवांनी पडद्यावरच्या एका आकड्यावर नेऊन त्याचा डावा हात चाकावर ठेवला. “हे फिरवा. वर जाईल.”

दादानं कान पुढे केला आणि एकेक घर चढवत, १९८३ साली गर्दीत लावायचा राहून गेलेला डग्गा सुरात आणला.

गोधडी आता पलंगावर असते.