गॅसमास्क घातलेली पोरं

लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहायचे, असा सर्फिंग हा खेळ. आपल्या घरांत तो कुणी खेळत नाही. तरीही इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या सर्फरांची हकिकत आपल्या आयाबहिणींना सांगावी, असे मला फार दिवस वाटत होते.

तिथे सांडपाणी जेमतेम गाळून समुद्रात सोडत. समुद्र मोठा, सगळे पोटात घेईल, असा हिशेब! पण ती घाण लाटेबरोबर परत येई, ती खेळणाऱ्यांच्या तोंडात. घसा, कान, पोट बिघडे. शेवटी 1990 साली सेंट अॅग्नेस आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांनी संघटना काढली. नाव रोखठोक : ‘सर्फर्स अगेन्स्ट सीवेज’, म्हणजे मैलापाण्याविरुद्ध सर्फर. अंगात रबरी पोशाख, तोंडावर गॅसमास्क, काखेत फळी, अशा थाटात ते लंडनला संसदेपुढे गेले. निदर्शनांत हवा भरलेला भलामोठा विष्ठेचा गोळाही असे! मागणी एकच : मैलापाणी पूर्ण शुद्ध केल्याशिवाय समुद्रात सोडू नका.

तसला फोटो पाहिला आणि मला वडील आठवले. ते ड्रेनेज लाइनमध्ये उतरत. मास्क कधी मिळाला नाही. कमरेला दोर बांधायचा आणि उतरायचे. आई पाणी तापवून ठेवी. आंघोळ झाल्याशिवाय ते आम्हाला जवळ घेत नसत. खोकला मात्र आंघोळीने जात नसे, आणि त्या खोकल्याची नोंद कोणत्याच रजिस्टरात नाही. 2013 च्या कायद्याने साधनांशिवाय असे उतरवायला बंदी आहे. तरी माणसे मरतातच. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसांची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली.

म्हणून मला त्या सर्फरांच्या कसरतीपेक्षा त्यांच्या नोंदींचे कौतुक अधिक. कुठल्या किनाऱ्यावर मैलापाणी सुटले, याचा इशारा आज संघटनेच्या मोबाइल अॅपवर येतो. पाण्यात उतरून आजारी पडलेला माणूस आपले दुखणे तिथेच नोंदवतो. किनाऱ्यावरचा कचराही स्वयंसेवक स्वतः वाकून उचलतात. त्यासाठी कुणाची जात ठरलेली नाही.

काम संपलेले नाही. तिथे अनेक ठिकाणी पावसाचे आणि घरांचे पाणी एकाच नळातून वाहते. मोठा पाऊस झाला की नळ तुंबू नये म्हणून ते मैल्यासकट नदीत, समुद्रात सोडून देतात. पहिली पोरं आता म्हातारपणाकडे झुकली असतील. नवी पोरं फळ्या घेऊन पाण्यात उतरतात आणि तिथेच निदर्शने करतात.