टेथिसच्या लेकी

ग्रंथालयातल्या एका पुस्तकात ग्रीकांची जलदेवता टेथिस भेटली. पती ओशनस. हेसिअड कवी सांगतो, नद्या हे तिचे मुलगे आणि शिवाय तीन हजार मुली! नदी आणि मुलगा? मला हसू आले. आमची मांजरा तर लेकच. तेरणा, मन्याड यांना पोटाशी घेत ती कंदकुर्तीला गोदावरीच्या कुशीत शिरते.

सुट्टीत गावी गेले तेव्हा आजीला हे सांगितले. आमच्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या साती आसरा. आजी त्यांची ओटी भरते. ऐकून ती म्हणाली, "तीन हजार लेकी? मंग तिच्या घरी पाण्याची काय काळजी माय!"

मी गप्पच झाले. २०१६ चा उन्हाळा आठवला. मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी लातूरला आली. आमच्या खेड्यात मात्र टँकरचीच वाट. माय पहाटे रांगेत घागर ठेवी. थोरल्या ताईची शाळा त्याच वर्षी सुटली, पाण्यापायी. मी धाकटी, म्हणून माझी राहिली. आजीने कोरड्या विहिरीपाशीही ओटी भरली.

आज मी नांदेडला, गोदावरीकाठी शिकते. घरातून कॉलेजात आलेली पहिली मीच, असे सगळे कौतुकाने म्हणतात. खरे तर पहिला नंबर ताईचा होता.

दिवाळीला ती माहेरी येईल, तेव्हा हा लेख तिला वाचून दाखवणार आहे.