हर्सूलची वाट आणि पायांतील जोडा
छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस, जळगाव रस्त्यावर हर्सूलच्या देवीचे मंदिर आहे. नवरात्रात अनेक ज्येष्ठ तेथे पायी दर्शनास जातात. या वाटेसाठी जोडा सायंकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाऊल किंचित सुजते. उभे राहिल्यावर बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी, टाच मात्र सरकू नये. मंदिरापाशी जोडा उतरवावा लागतो, म्हणून नाडीपेक्षा वेल्क्रोची पट्टी सोयीची. तीही बसूनच लावावी. काठीची मूठ मनगटाच्या उंचीची असावी व काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

मधुमेहाने पावलांची संवेदना मंदावली असल्यास जोडा घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. तापलेल्या फरशीवर अनवाणी पाऊल भाजते आणि ते कळतही नाही. अशांनी दर्शन पहाटेच घ्यावे; घरी परतल्यावर सोबत्याने त्यांचे तळवे पाहावेत.