बारा शर्टांची वाकळ

मागच्या वर्षी फेब्रुवारीत अल्फारेटातल्या आमच्या सबडिव्हिजनमधले एक मराठी गृहस्थ अचानक गेले. घरात राहिले चौघं : त्यांच्या पत्नी, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि त्यांची आई. या आजी सांगली जिल्ह्यातल्या. लेकाकडे सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या.

सुरुवातीला आम्ही शेजारणी आळीपाळीने डबे पोचवत होतो. हळूहळू डबे कमी झाले, माणसांचं येणं-जाणंही कमी झालं. एका शनिवारी वहिनी मला म्हणाल्या, "ताई, यांचं कपाट उघडायचं धाडस होत नाही. आणि बंद ठेवलं तरी ते रोज समोर दिसतंच. तुम्ही गोधड्या शिवता ना? त्यांच्या शर्टांचं काही करता येईल का?"

मी हो म्हटलं. पण खरं सांगायचं तर मनात धाकधूक होती. मी बाळांची दुपटी शिवली होती, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या होत्या. गेलेल्या माणसाच्या कपड्यांना मात्र कधी कात्री लावली नव्हती.

दोनच दिवसांत भारतातून एका नातेवाइकांचा फोन आला. "गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. दान करून टाका." वहिनी गप्प बसल्या. फोन ठेवल्यावर आजी बोलल्या. "दान तर करायचंच. कोट, पॅन्टी, बूट, सगळं देऊ. पण हा माझा नातू जन्मला तेव्हा त्याला पहिलं कशात गुंडाळलं? माझ्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात. मऊ असतं म्हणून, आणि आजीचं असतं म्हणून. मग बापाच्या शर्टाची वाकळ पोरांनी पांघरली तर काय बिघडलं?"

आजींच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. त्यांच्या या बोलण्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

मला तेव्हा मिसूरी पेटवे या बाईंची वाकळ आठवली. आपल्या जॉर्जियाच्या शेजारीच अलाबामा राज्य आहे. तिथे अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात आणि आज त्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. मिसूरीबाईंचे पती आजारपणात वारले. 1942 साली त्यांनी पतीचे शेतात घालायचे कपडे कापले आणि त्यांची गोधडी शिवली. आठवण राहावी म्हणून आणि पांघरायला म्हणून. ही गोष्ट पुढे त्यांच्या मुलीने सांगितली, कारण शिवताना ती आईच्या मदतीला होती. मी ही गोष्ट आजींना सांगितली. आजी म्हणाल्या, "बघ. बायकांना सगळीकडे तेच सुचतं."

आम्ही बारा शर्ट निवडले. प्रत्येक शर्टाच्या पाठीतून दोन चौकोन निघतात. एक चौकोन मुलीच्या गोधडीत, एक मुलाच्या. म्हणजे कोणालाच कमी-जास्त नाही. चौकोन साडेबारा इंचांचा कापायचा. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जातो आणि बारा इंच उरतात. तीन आडवे, चार उभे. मध्ये इथल्यासारखा कापूस घालायचा नाही, वहिनींच्या जुन्या सुती साड्यांचे थर घालायचे. खालच्या बाजूला आजींचं नऊवारी लुगडं. त्याचाच काठ वळवून वरच्या कडेला लावायचा.

इथपर्यंत सगळं नीट झालं. मग माझी चूक झाली.

शिवणकामात एक नियम असतो : नवं-जुनं कुठलंही सुती कापड आधी धुवायचं, म्हणजे ते नंतर आटत नाही, रंग सोडत नाही. मी सवयीने बाराही शर्ट मशीनमध्ये टाकले. वासाचा साबण घातला. ड्रायरमध्ये वाळवले, इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी मुलगी घरी आली. तिने वरचा शर्ट उचलला, नाकाशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, हे धुतले?"

मी काही बोलायच्या आत ती निघून गेली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. "माझं चुकलं," मी म्हटलं. "मी आधी विचारायला हवं होतं."

ती म्हणाली, "बाबांचा वास आता परत येणार नाही."

"नाही येणार," मी म्हटलं. आणखी काय बोलणार? नियम सांगून काही उपयोग नव्हता.

पुढचे दोन शनिवार ती आली नाही. आजी आणि मुलगा येत. वरचे चौकोन मी मशीनवर जोडले, पण थर एकमेकांना हातानेच शिवायचे असं आजींनी ठरवलं होतं. आम्ही कार्पेटवर चादर पसरून बसायचो. आजी कडेपासून धावदोरा घालत आत आत यायच्या. त्यांचे टाके माझ्यापेक्षा सरळ. फक्त सुईत दोरा ओवता येत नसे.

मुलाने विचारलं, "बाबांचं नाव शिवायचं का?" मी त्याला एड्स स्मृती गोधडीबद्दल सांगितलं. त्या आजाराने गेलेल्या माणसांच्या जवळच्यांनी प्रत्येकासाठी तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब कापड शिवलं. त्यावर नाव घातलं. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनला ती सगळी कापडं एकत्र अंथरली, तेव्हा ती 1,920 होती. पुढे अनेक वर्षं ही गोधडी आपल्या अटलांटात ठेवलेली होती.

त्याने थोडा विचार केला. "ती सगळ्यांना दाखवायची होती. आमची घरातली आहे. आम्हाला नाव माहीत आहे."

नावाऐवजी त्याने एक खिसा निवडला. आकाशी शर्टाचा. त्याच्या तळाशी पेनच्या शाईचा डाग होता. बाबा पेनाला टोपण लावायचे विसरायचे म्हणे. माझ्या साबणाने वास गेला, पण तो डाग मात्र गेला नव्हता. खिसा मी त्याच्या गोधडीच्या मधोमध लावला.

तिसऱ्या शनिवारी मुलगी आली. दारातूनच म्हणाली, "बाबांचं एक जॅकेट मी माझ्याकडे ठेवलंय. ते मी तुम्हाला देणार नाही."

"नको देऊस," मी म्हटलं.

मग ती चादरीवर आजींच्या शेजारी बसली. त्यांच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली. मग दुसरी सुई घेतली, ती स्वतःसाठी.

एप्रिलच्या शेवटी दोन्ही गोधड्या पुऱ्या झाल्या. मुलीचे टाके वाकडेतिकडे आहेत. "उसवून पुन्हा घालू का?" असं तिने विचारलं, तेव्हा आजी म्हणाल्या, "राहू दे. कोणी घातले ते कळलं पाहिजे." मे महिन्यात आजी सांगलीला परत गेल्या. जाताना त्यांनी गोधडी मागितली नाही. उरलेल्या तुकड्यांतून आम्ही त्यांना उशीचा अभ्रा शिवून दिला.

त्यानंतर आणखी एका कुटुंबाने मला असं काम सांगितलं. कपड्यांची पिशवी हातात घेतली आणि मी आधी एकच प्रश्न विचारला : "धुऊ का?"

विचार करा आणि बोला
1. आजींनी दुपट्याचं उदाहरण का दिलं?
2. मुलाला नाव शिवावंसं का वाटलं नाही?
3. मावशीच्या जागी तुम्ही असता, तर मुलीला काय म्हणाला असता?
4. तुमच्या घरात कोणाची आठवण सांगणारं कापड आहे का? त्याबद्दल पाच वाक्यं लिहा.